अंधेरी सोडू नका, गवत सुधारा

मुंबई सिटी या फुटबॉल क्लबचे चार चाहते एकत्र आले आणि घरच्या मैदानाचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं असं: दोनदा लीग शील्ड आणि दोनदा इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) चषक जिंकलेल्या संघाने अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलात सात-आठ हजार लोकांपुढे का खेळावं? नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियम आहे. तिथे याच्या कितीतरी पट माणसं बसतात. २०१४ आणि २०१५चे हंगाम आपण तिथेच खेळलो, मग परत जायला अडचण कसली? हे म्हणणारे संघावर माझ्याइतकंच प्रेम करतात. पण त्यांची मागणी मान्य झाली तर नुकसान संघाचंच होईल.

मोठं स्टेडियम म्हणजे मोठा क्लब, हा समज आधी बाजूला ठेवू. लंडनच्या वेस्ट हॅमने २०१६ मध्ये अप्टन पार्क सोडलं आणि ते ऑलिंपिकसाठी बांधलेल्या भव्य स्टेडियममध्ये गेले. खुर्च्या वाढल्या, पण प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यामध्ये ॲथलेटिक्सच्या ट्रॅकएवढी दरी आली. २०१८ मध्ये बर्नलीविरुद्धच्या सामन्यात संतापलेले चाहते थेट मैदानात उतरले. नेरूळचं गणितही तसंच आहे. फुटबॉलची टचलाइन मैदानाच्या मध्यापासून ३४ मीटरवर असते, क्रिकेटची सीमारेषा साठ-सत्तर मीटरवर. म्हणजे बाजूच्या स्टँडमधल्या पहिल्या रांगेतल्या माणसालाही विंगर बराच लांब दिसणार. त्यात एवढ्या मोठ्या स्टेडियमात दहा हजार लोक आले तर नजरेत भरतात त्या रिकाम्या खुर्च्या.

‘अल हिलालच्या वेळी काय झालं ते आठवा,’ असं हमखास ऐकवलं जातं. आठवतं की. नोव्हेंबर २०२३ मध्ये अल हिलाल या सौदी क्लबविरुद्धचा एएफसी चॅम्पियन्स लीगचा तो सामना नेरूळला झाला. त्यांचा नेमार जखमी होता, तरीही लोक मोठ्या संख्येने आले. असा सामना पुन्हा मिळाला तर तो जरूर तिथे खेळावा, याबद्दल माझा वाद नाही. पण वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्यावरून रोजचं घर ठरवायचं नसतं. लीगचा सामना साडेसातला सुरू होतो आणि संपेपर्यंत साडेनऊ वाजतात. आझाद नगर मेट्रो स्थानकावरून अंधेरीचं मैदान जवळ आहे. बोरिवली-मालाडच्या पोराला नेरूळहून दोन गाड्या बदलत घर गाठायचं असेल, तर तो आठवड्याच्या मधल्या सामन्याला येणार नाही.

आता खरा मुद्दा, गवताचा. अंधेरीचं मैदान खराब आहे म्हणून नेरूळला जाऊ, असं म्हणणाऱ्यांनी नेरूळच्या मैदानाच्या मधोमध काय आहे ते पाहावं. तिथे क्रिकेटच्या खेळपट्ट्या आहेत. खेळपट्टी चिकणमातीची असते आणि जड रोलर फिरवून ती मुद्दाम दाबून कठीण केलेली असते, कारण चेंडू उसळायला हवा. फुटबॉलला नेमकं उलट हवं: खाली वाळूमिश्रित थर, पाणी झपाट्याने निचरणारा, मुळं खोल जाऊ देणारा. खेळपट्ट्यांवर तयार हिरवळीच्या लाद्या अंथरल्या तरी त्यांची मुळं खालच्या कठीण मातीत लवकर धरत नाहीत. मिडफिल्डरने जोरात वळण घेतलं की लादीची कड उचकटते. जमिनीलगतचा पास तिथे येऊन एक उडी घेतो आणि पहिला टच बिघडतो. हे घडतं ते मध्यवर्तुळाच्या आसपास, जिथून संघाचा सगळा खेळ बांधला जातो.

शिवाय त्या मैदानावर पहिला हक्क कुणाचा? २०२३च्या मार्चमध्ये तिथे क्रिकेटची महिला प्रीमियर लीग होती. २०२५च्या जानेवारीत कोल्डप्लेच्या तीन मैफली झाल्या, नोव्हेंबरमध्ये महिला क्रिकेट विश्वचषकाची अंतिम लढत झाली. त्या लढतीचा मलाही अभिमान आहे. पण जानेवारी, मार्च, नोव्हेंबर हे सगळे आपल्या लीगचे नेहमीचे महिने आहेत. स्टेजखाली आणि हजारो पायांखाली दडपलेल्या गवताला सावरायला काही आठवडे लागतात. क्रिकेट आणि मैफली यांच्या मधल्या फटीत फुटबॉलला ते कोण देणार?

तिसरा एक गट कृत्रिम टर्फ सुचवतो: एकदा घातलं की पावसाची चिंता मिटली. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर २०११ मध्ये ते घातलं होतं. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाआधी ते उखडून पुन्हा नैसर्गिक गवत लावावं लागलं. २०१५च्या महिला फुटबॉल विश्वचषकात कॅनडातल्या कृत्रिम मैदानांविरुद्ध मार्टा, ॲबी वॉमबाकसारख्या खेळाडूंनी कायदेशीर तक्रार केली होती. घसरून टॅकल केली की कातडी सोलवटते आणि मुंबईच्या ऑक्टोबरात हे टर्फ तापतं. व्यावसायिक संघाचं घर म्हणून हा उपाय मला मान्य नाही.

मग अंधेरीत सगळं छान आहे का? नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सरींनंतर तिथला चेंडू जड होतो आणि हंगाम पुढे सरकतो तशी गोलमुखाजवळची जमीन उघडी पडते. हे मैदानही मैफलींपासून वाचलेलं नाही. १९९६ मध्ये मायकेल जॅक्सनचा कार्यक्रम इथेच झाला. पण हे दोष दुरुस्त होण्यासारखे आहेत, कारण या जमिनीच्या पोटात खेळपट्टी नाही. निचऱ्याची व्यवस्था नव्याने करता येते, पावसाळा संपता संपता हिरवळ नव्याने धरता येते. प्रत्येक सामन्यानंतर उखडलेले ठोंब दाबून, खळगे वाळू-बियांनी भरणारी कायमची माणसं नेमता येतात. जागा महापालिकेची आहे. तेव्हा लीगच्या महिन्यांत तिथे दुसरा कोणताही कार्यक्रम होणार नाही, असा लेखी करार क्लबने मिळवला पाहिजे. खेळाडूंच्या पगारापुढे हा खर्च फार नाही आणि घोट्याच्या एका मोठ्या दुखापतीची किंमत त्याहून जास्त असू शकते.

म्हणून चाहत्यांना माझं सांगणं आहे: पुढच्या हंगामाआधी क्लबला पत्र लिहाल तेव्हा मोठं स्टेडियम मागू नका. मैदानाची डागडुजी कधी होणार, कोण करणार आणि लीगच्या महिन्यांत तिथे आणखी काय काय होणार, याचं वेळापत्रक मागा.