दूरच्या यंत्राचे दार

२ डिसेंबर २०१५ रोजी चेन्नई शहरात ‘द हिंदू’ हे दैनिक छापले गेले नाही. १८७८ साली स्थापन झालेल्या या पत्रावर असा प्रसंग पूर्वी कधी आला नव्हता. आदल्या दिवशी तांबरम भागात चोवीस तासांत सुमारे ४९ सेंटिमीटर पाऊस पडला, रस्ते पाण्याखाली गेले आणि शहराबाहेर मरैमलै नगर येथे असलेल्या छापखान्यापर्यंत कामगारांना पोहोचता आले नाही.

छपाईच्या यंत्राला माणसाचा हात जागेवरच लागतो. संगणकाचे तसे नाही. त्यास दुरून आज्ञा देता येते. परंतु ज्या दाराने आपला माणूस दुरून आत जातो, त्याच दाराने परका माणूसही येऊ शकतो. हे दार केव्हा उघडावे, कोणी उघडावे व कोणी लावावे, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही.

पूर्वी प्रत्येक कामासाठी स्वतंत्र सर्व्हर ठेवीत असत. आता एकाच बलवान यंत्रावर एक मूलभूत प्रणाली बसवून तिच्या आश्रयाने दहा-वीस आभासी संगणक चालविले जातात. चाळीत बिऱ्हाडे अनेक असावीत व जिना एकच असावा, तसा हा प्रकार होय. एका बिऱ्हाडात महाविद्यालयाचे निकाल, दुसऱ्यात ग्रंथालयाची सूची, तिसऱ्यात रुग्णांची टिपणे असू शकतात. एखाद्या बिऱ्हाडाची किल्ली हरवली तर नुकसान एकाचे होते. जिना ज्याच्या हाती गेला, त्याच्या हाती सगळी चाळ जाते.

या यजमान यंत्राशी दुरून बोलण्याचे साधन म्हणजे ‘एसएसएच’. फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठात तातू युलोनेन यांनी ते १९९५ साली रचिले. तत्पूर्वीच्या ‘टेलनेट’ पद्धतीत पासवर्ड तारेवरून उघड्या अक्षरांत जात असे, आणि विद्यापीठाच्या जाळ्यावर तो चोरला गेल्याच्या प्रसंगातूनच नव्या साधनाची निकड भासली. एसएसएचमध्ये सर्व संभाषण गुप्तलिपीत चालते. दोन्ही बाजूंनी ओळख पटविण्याची सोयही त्यात आहे. मात्र प्रथम जोडणीच्या वेळी यंत्र आपली अंकखूण दाखविते तेव्हा ती ताडून न पाहता ‘होय’ म्हणून मोकळे होणारेच अधिक. एवढ्या कष्टाने बनविलेले कुलूप असे नुसत्या आळसाने निरुपयोगी होते.

‘ईएसएक्सआय’ या प्रचलित यजमान प्रणालीत ही सेवा मुळात बंदच असते. ती चालू करणे अवघड नाही. व्यवस्थापनाच्या पडद्यावर एक निवड केली की काम होते. बंद ठेवण्याचे कारण उघड आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये याच प्रणालीवरील हजारो यंत्रांच्या फायली गुप्तलिपीत कोंडून खंडणी मागण्यात आली. त्या हल्ल्याचा संबंध एका निराळ्या, फारशा कोणाला आठवणही नसलेल्या सेवेशी जोडला गेला. तिच्यातील दोषावरचा उपाय दोन वर्षांपूर्वीच, म्हणजे फेब्रुवारी २०२१ मध्ये, प्रसिद्ध झालेला होता. उघडे राहिलेले दार कोणते हे गौण आहे; त्याकडे कोणाचे लक्ष नव्हते, हे मुख्य.

यावरून पुष्कळ लोक असा नियम सांगतात की, एसएसएच बंद ठेवावे आणि गरज पडेल तेव्हाच उघडावे. नियम बरोबर आहे, पण अपुरा आहे. कारण गरज पडते ती बहुधा यंत्राची व्यवस्थापन-सेवाच अडून बसली म्हणून. आणि ती अडली की दुरून एसएसएच चालू करण्याचा पडदाही उघडत नाही. मग यंत्रापाशी जाऊन, कळफलकावरील ‘एफ-२’ दाबून, तेथील सूचीतून ते चालू करावे लागते. रस्त्यावर कमरेइतके पाणी असताना हा उपाय सांगणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्यास सांगणे होय.

म्हणून दार कायमचे उघडे ठेवावे काय? मुळीच नव्हे. चांगल्या सर्व्हरमध्ये मुख्य संगणकाहून स्वतंत्र असा एक लहान व्यवस्थापन-संगणक असतो. त्याच्या द्वारे यंत्रासमोर बसल्याप्रमाणे पडदा व कळफलक दुरून वापरता येतात. ही वाट वेगळ्या, बाहेरच्या जगाला न दिसणाऱ्या जाळ्यावर आधीपासून तयार ठेवावी, म्हणजे एसएसएच निर्धास्तपणे बंद ठेवता येते. ते उघडावयाचे झाल्यास पासवर्डाऐवजी प्रत्येकाच्या स्वतंत्र किल्लीने, आणि ठराविक ठिकाणांहूनच. एकच ‘रूट’ पासवर्ड पाचजणांनी वाटून घेतला असेल, तर नोंदवहीत पाचांचे नाव एकच राहते. भारतात ‘सर्ट-इन’च्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा नोंदी १८० दिवस जपावयाच्या असतात, परंतु कोणी काय केले हे ज्यांतून कळत नाही, त्या नोंदी जपून उपयोग काय?

दार आपोआप लागण्यासाठी कालमर्यादाही घालता येते, पण ती मुळात शून्य, म्हणजे मर्यादा नाही, अशी असते. शिवाय मर्यादा दोन आहेत. पहिली संपली की नव्याने कोणी येऊ शकत नाही, तथापि आत असलेला माणूस आतच राहतो. तो स्वस्थ बसून राहिल्यास बाहेर काढण्याचे काम दुसरीचे. पहिलीच लावून समाधान मानणारे थोडे नाहीत.

चेन्नईत ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत पडतो. डिसेंबर २०२३ मध्ये ‘मिचाँग’ चक्रीवादळाने शहर पुन्हा पाण्याखाली गेले. सप्टेंबरमधील एखाद्या कोरड्या दिवशी जबाबदार माणसाने घरी बसून एकदा दार उघडून पाहावे, आत जाऊन यावे, ते लावावे, आणि खरोखर लागले की नाही हे दुसऱ्याकडून तपासून घ्यावे. या कामास अर्धा तासही लागत नाही.