बिननावाचा सेंच्युरियन

वीकेंडला काय करतोस, असं ऑफिसात कुणी विचारलं की मी सांगतो, ‘रणगाडे रंगवतो.’ समोरचा हसतो. हसू दे! सध्या टेबलावर सेंच्युरियन आहे, माझा दुसरा. साडेसात मीटरचं खरं धूड 1/72 स्केलमध्ये जेमतेम साडेदहा सेंटीमीटर. चाकं फ्रेमवरून कापायची, पॉलिश पेपरनं घासायची, थेंबभर गोंद, मग प्रायमर. अकोल्याच्या मे महिन्यात अ‍ॅक्रिलिक ब्रशवरच वाळतं, म्हणून हे काम पहाटेचं. हिरवा रंग सुकला की वरून पातळ तपकिरी वॉश. तो खाचाखोचांत उतरला की प्लास्टिकचं लोखंड होतं, बॉस!

पहिल्यावर मी नाव घातलंय, ‘फामागुस्टा’. पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल 16 डिसेंबर 1971ला बसंतरच्या लढाईत याच नावाच्या सेंच्युरियनमध्ये होते. वय 21. म्हणजे आपल्या ऑफिसातल्या ट्रेनीचं! रणगाडा पेटला, बाहेर पडायचा आदेश आला. तोफ चालतेय म्हणून ते थांबले आणि तिथेच गेले. मरणोत्तर परमवीर चक्र.

आमचा खेळ अडला तो इथेच. अमरावतीचा माझा पार्टनर रविवारी टेबल मांडतो. नियम असा, की गोळा लागला तर फासा टाकायचा. एक पडला तर क्रू रणगाडा सोडून जातो. गेल्या रविवारी ‘फामागुस्टा’ला एक पडला.

‘‘काऊन बे, उचल ना!’’

मी उचलला नाही. त्याचं म्हणणं, नियम सगळ्यांना सारखा. माझं म्हणणं, हा क्रू पळणार नाही. दोघंही हटलो नाही.

म्हणून हा दुसरा. याच्यावर नाव घालणार नाही.