प्रागचें घड्याळ आणि आपलें पंचांग

परदेशचा प्रवास आतां पूर्वीइतका दुर्मिळ राहिला नाहीं. काशीस जाऊन आलेल्या मनुष्याचें ज्या घरांत एके काळीं कौतुक होई, त्याच घरांतील नातवंडें शिक्षणासाठीं युरोपांत जातात व वडील माणसांसही बोलावून घेतात. अशा प्रवासांत चेक देशाची राजधानी प्राग ही पुष्कळांच्या वाट्यास येते. व्हल्तावा नदीवरील १३५७ सालीं आरंभिलेला चार्ल्सचा पूल, टेकडीवरील राजवाडा, १३४४ पासून १९२९ पर्यंत बांधकाम चाललेलें सेंट व्हायटसचें मंदिर हीं स्थळें वाटाड्या दाखवितोच. मी वाचकांस एकाच चौकांत उभें करणार आहें. कारण तेथील एक वस्तु पंचांग बाळगणाऱ्या घरांस विशेष ओळखीची असून नेमकी तीच न वाचतां लोक परत येतात.

ही वस्तु म्हणजे जुन्या नगरभवनाच्या भिंतीवरील खगोलदर्शक घड्याळ. कादान गांवच्या मिकुलाश नांवाच्या घड्याळजीनें, ज्योतिर्विद यान शिंदेल याच्या साहाय्यानें, तें १४१० सालीं सिद्ध केलें. अजून चालू असलेल्या अशा घड्याळांत तें सर्वांत जुनें मानितात. सकाळीं ९ पासून रात्रीं ११ पर्यंत दर तासास वरच्या दोन खिडक्या उघडतात, ख्रिस्ताच्या बारा शिष्यांच्या मूर्ति एकामागून एक सरकतात, हाडांचा सापळा घंटेची दोरी ओढतो आणि शेवटीं कोंबडा आरवतो. सुमारें मिनिटभरांत हा खेळ आटोपतो. खालीं जमलेले शेंकडों लोक छायाचित्रें घेऊन पांगतात. तबकडीकडे कोणी फारसें पहात नाहीं.

आपण ती वाचूं. मध्यभागीं पृथ्वी आहे. वरचा निळा भाग हा दिवस, खालचा काळा भाग ही रात्र, आणि मधले तांबूस पट्टे म्हणजे उषःकाल व सायंसंध्या. त्यांवरून राशिचक्र फिरतें व सूर्यचंद्रांचे कांटे त्यांतून भ्रमण करितात. मेषापासून मीनापर्यंतचा क्रम आपलाच. मात्र तेथील राशि सायन आहेत. म्हणून त्या घड्याळांतील सूर्य डिसेंबरच्या २१-२२ तारखेसच मकरेंत जातो, आणि आपली संक्रांत १४ जानेवारीच्या सुमारास येते. हा सुमारें २४ अंशांचा फरक मुलांस फळ्यावर समजावितांना शिक्षक थकतो. तेथें तो भिंतीवर उभा आहे.

तिथीस मात्र सायन-निरयनाचा वाद लागू नाहीं. चंद्र सूर्याच्या पुढें १२ अंश गेला कीं एक तिथि संपते. म्हणजे एका राशीच्या अंतरांत अडीच तिथि. दोन्ही कांट्यांमधील राशि मोजाव्या आणि पंचांगाशीं ताडून पहावें. प्रागची वेळ आपल्याहून हिंवाळ्यांत साडेचार व उन्हाळ्यांत साडेतीन तास मागें असते, एवढें ध्यानांत ठेवावें. उत्तर स्थूल येईल, पण येईल. चंद्राचा लहान गोलही अर्धा रुपेरी व अर्धा काळा असून पक्षाप्रमाणें वळतो.

सोनेरी वक्ररेषांनीं दिनमानाचे बारा भाग पाडले आहेत. उन्हाळ्यांत ते मोठे, हिंवाळ्यांत लहान. दिनमान बारांनीं भागून काढलेल्या आपल्या होरा त्याच जातीच्या. ‘अहोरात्र’ या शब्दाचीं पहिलें व शेवटचें अक्षर गाळून ‘होरा’ शब्द होतो, असें एक मत वराहमिहिरानें नमूद केलें आहे. भाषापंडित तो ग्रीकांकडून आला असें मानितात. बाहेरच्या कड्यावरील १ ते २४ हे आंकडे जुन्या चेक रीतीप्रमाणें सूर्यास्तापासून तास मोजतात. आपला वार सूर्योदयास बदलतो. आरंभ कोठून करावा, एवढाच भेद.

चौकाच्या पलीकडील टीनच्या मंदिरांत टायको ब्राहे याची समाधि आहे. दुर्बिणीच्या पूर्वीं नुसत्या डोळ्यांनीं त्यानें घेतलेले मंगळाचे वेध हाताशीं धरून केप्लरनें याच नगरांत गणित केलें, आणि ग्रह सूर्याभोंवतीं लंबवर्तुळांत फिरतात हें १६०९ सालीं प्रसिद्ध केलें. तरी घड्याळांतील पृथ्वी मध्यभागींच राहिली. सिद्धांत मागें पडला म्हणून नगरवासीयांनीं तें उतरविलें नाहीं. उदयास्त आणि चंद्राच्या कला त्यावर पूर्वींप्रमाणेंच कळत होत्या.

टायकोच्या अंत्यविधीच्या वेळीं १६०१ सालीं ज्यानें भाषण केलें, तो वैद्य यान येस्सेनियस पुढें विद्यापीठाचा प्रमुख झाला. राजाविरुद्ध उठलेल्या २७ पुढाऱ्यांस २१ जून १६२१ रोजीं याच चौकांत देहदंड झाला; त्यांत तोही होता. नगरभवनापाशीं फरसबंदींत २७ पांढरे क्रूस बसविले आहेत. पुष्कळ प्रवासी नकळत त्यांवर पाय देऊन जातात. पुढें १९४५ सालच्या मे महिन्यांत, युद्धाच्या अगदीं शेवटीं, जर्मनांच्या माऱ्यानें नगरभवन पेटलें व घड्याळही होरपळलें. शिष्यांच्या मूर्ति लांकडांत नव्यानें कोराव्या लागल्या. १९४८ सालीं घड्याळ पुन्हा चालूं झालें. इमारतीच्या जळालेल्या बाजूची जागा मात्र आजही मोकळीच आहे.

जुनी वस्तु आगीनें नष्ट होते, तशीच ती वाचणारें कोणी न उरल्यानेंही होते. आगीवर तेथील कारागिरांनीं उपाय केला. दुसऱ्या नाशावरचा उपाय आपल्या घरांतच करावा लागेल. भिंतीवर पंचांग असून तें उघडतां न येणारीं मुलें आज थोडीं नाहींत. ज्यांचीं मुलें जाणार असतील त्यांनीं निघण्यापूर्वीं चार रात्रीं गच्चीवर चंद्र दाखवून त्यांस तिथि ओळखावयास शिकवावें. आजोबांस सवड नसेल तर आजीस विचारावें. चतुर्थी-एकादशीचा हिशेब तिच्याजवळ चोख असतो. आणि प्रागच्या चौकांत शक्यतों सकाळीं ९ च्या आधीं जावें. त्या वेळीं मूर्ति बाहेर येत नाहींत, म्हणून गर्दी कमी असते. सूर्यचंद्र मात्र आपल्या कामावर असतातच.