सोंडकिडा मारणारी भुकटी आणि हमालाचा श्वास

धान्यसाठवणुकीच्या क्षेत्रात सिलिकाच्या नॅनोकणांकडे आज मोठ्या आशेने पाहिले जाते, आणि त्याला कारणही तसेच आहे. फॉस्फिनच्या धुरीवर वर्षानुवर्षे विसंबून राहिल्याने तांबड्या भुंगेऱ्यासारख्या किडींमध्ये प्रतिकारक्षमता निर्माण झाली असून तिला तोडीस तोड असे पर्याय हाताशी फारसे नाहीत. २०११ साली कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील संशोधकांनी तांदळावरील सोंडकिड्याविरुद्ध हे नॅनोकण परिणामकारक ठरत असल्याचे दाखवून दिले. येथे विष किड्याच्या पोटात जावे लागत नाही. कण त्याच्या बाह्यकवचावरील मेणाचा पातळ थर शोषून घेतात, शरीरातील पाणी उडून जाते आणि किडा वाळून मरतो. कडधान्य राखेत कालवून ठेवण्याच्या घरगुती युक्तीचाच हा सूक्ष्म अवतार म्हणता येईल.

येथपर्यंत कीटकशास्त्राचे समाधान रास्त आहे. परंतु भुकटी धान्यात मिसळणारे हात आणि पुढे महिनोन्महिने त्या गोण्या उचलणारे खांदे कीटकशास्त्रज्ञाचे नसतात. ती भुकटी त्या माणसांच्या फुप्फुसात गेल्यावर काय करते, हा प्रश्न आपल्या शोधनिबंधांत बहुधा शेवटच्या परिच्छेदातील एका वाक्यापुरता उरतो.

दहा मायक्रॉनहून मोठे कण नाक आणि घसा बहुतांशी अडवतात. त्याहून पुष्कळ लहान कण वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथे श्लेष्माही नसतो आणि तो पुढे ढकलणारे केसही नसतात. स्वच्छतेचे सारे काम महाभक्षक पेशींवर असते. ही पेशी कण गिळते, पचनरसाच्या पिशवीत कोंडते आणि विरघळवू पाहते. जंतू विरघळतो, सिलिका सहजी विरघळत नाही. कणाच्या पृष्ठभागाशी झालेल्या रासायनिक झटापटीत पिशवीचे आवरण फाटते, आतील विकरे पेशीत सांडतात, पेशीतील पोटॅशियम बाहेर झिरपते, आणि या खुणांवरून एनएलआरपी-३ नावाची धोकासूचक प्रथिनरचना उभी राहते. स्फटिकी सिलिका आणि ॲस्बेस्टॉस यांच्या बाबतीत ही साखळी २००८ साली उलगडली. या रचनेमुळे इंटरल्युकिन-१ बीटा हा दाहकारक संदेश पेशीबाहेर पडतो. पुष्कळदा पेशी स्वतः फुटून मरते, न पचलेला कण मोकळा होतो आणि दुसरी पेशी त्याला गिळायला पुढे येते.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो निराधार नाही. किडींसाठी वापरावयाची सिलिका अस्फटिकी असते; खाणकामगारांना सिलिकोसिस जडवणारी स्फटिकी सिलिका वेगळी. अस्फटिकी सिलिका फुप्फुसात हळूहळू विरघळते आणि प्राण्यांवरील प्रयोगांत तिने निर्माण केलेला दाह बहुधा ओसरतो. मात्र अलीकडच्या संशोधनानुसार पेशीच्या आवरणाला इजा करण्याची शक्ती केवळ स्फटिकपणात नसून पृष्ठभागावरील सिलॅनॉल गटांच्या विशिष्ट मांडणीत आहे. तेव्हा ‘अस्फटिकी’ हा शब्द म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. कोरडे नॅनोकण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात, म्हणून चिंता नको, हा युक्तिवाद तर त्याहून लंगडा आहे. एक-दोन मायक्रॉनचा पुंजकाही वायुकोशात पोहोचतो, आणि महाभक्षक पेशीला त्या आकाराचा घास सर्वांत सोयीचा असतो.

खरी अडचण पुढे आहे. इंटरल्युकिन-१ बीटा तयार होण्यास सामान्यतः दोन इशारे लागतात. पहिल्या इशाऱ्याने पेशी त्याचा कच्चा साठा करून ठेवते. दुसऱ्याने तो साठा पक्का होऊन बाहेर पडतो. कण हा दुसरा इशारा. पहिला इशारा देणाऱ्या पदार्थांत जिवाणूंच्या आवरणातील एंडोटॉक्सिन अग्रक्रमाने येते, आणि धान्याची धूळ म्हणजे एंडोटॉक्सिनचे भांडारच. प्रयोगशाळेत पेशींना मुद्दाम द्यावा लागणारा पहिला इशारा गोदामाच्या हवेत रोजचाच असतो. नमुन्यात नकळत मिसळलेल्या एंडोटॉक्सिनमुळे चाचणीचे निष्कर्ष बिघडतात, म्हणून विषशास्त्रज्ञ ते कसोशीने दूर ठेवतात. प्रयोगाच्या शिस्तीला ते योग्यच आहे. पण निखळ कणांवर मिळालेला ‘सुरक्षित’ हा निष्कर्ष तसाच उचलून गोदामाला लावणे अशास्त्रीय आहे.

सर्वच नॅनो-निविष्ठांना एका मापाने मोजणेही चूक ठरेल. युरिया पाण्यात विरघळतो. त्याच्याबाबत न पचणाऱ्या कणाचा प्रश्न त्या रूपात उद्भवत नाही. झिंक ऑक्साइड पेशीच्या आम्लयुक्त पिशवीत विरघळून जस्ताचे आयन सोडते; त्याच्या धुराने येणारा ताप पितळेच्या ओतकामात आणि वेल्डिंगमध्ये फार पूर्वीपासून ओळखीचा आहे. ‘नॅनो’ हे मापाचे नाव आहे, गुणधर्माचे नव्हे, याचे भान समर्थक आणि विरोधक दोघांनाही क्वचितच असते.

जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० साली नॅनो-आधारित कृषी निविष्ठांच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. श्वसनमार्गे होणाऱ्या विषबाधेच्या ओईसीडी चाचण्या २०१८ मध्ये नॅनोकणांचा विचार करून सुधारण्यात आल्या. फुप्फुस धुऊन निघालेल्या द्रवातील दाहपेशी मोजणे त्यांत आले. चौकट आहे, तिच्यात गोदाम आणायचे आहे. भुकटीच्या स्वरूपातील प्रत्येक नॅनो-कीटकनाशकाची मानवी महाभक्षक पेशींवरील चाचणी खऱ्या धान्यधुळीसह आणि धुळीविना अशी दोन्ही प्रकारे व्हावी. किडींच्या मृत्युदराच्या तक्त्याशेजारी हाताळणीच्या वेळी हवेत उडणाऱ्या कणांची मोजणी छापली जावी. जेथे गोणीच्या आतील बाजूस लेप देऊन किंवा ओल्या स्वरूपात तोच परिणाम साधतो, तेथे कोरडी भुकटी मंजुरीसाठी पुढे करूच नये.

यामुळे संशोधनास विलंब होईल, अशी तक्रार होईल. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती विषे निराळी होती आणि निदान ओळखीची होती. लक्षणे तासा-दिवसांत दिसत होती. फुप्फुसातील दाह वर्षानुवर्षे मुरतो, आणि ज्या हमालाची हजेरी कोणत्याच नोंदवहीत कायम नसते, त्याचा खोकला कोणत्या भुकटीच्या खात्यावर मांडायचा, हे नंतर कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून ती मोजणी पहिली गोणी उघडण्यापूर्वीच झाली पाहिजे.