आंबिया हुकला, मृग बाकी आहे

फेब्रुवारीत नरखेड तालुक्यात फिरलं की एका बागेत मृगाचा संत्रा उतरताना दिसतो आणि शेजारच्या बागेत आंबियाचा फुलोरा. आंबिया हुकला म्हणून कोणी बाग उपटत नाही, मृगाची तयारी करतात. हे आपल्या घरातल्या लहान पोरालाही माहीत असतं. तरी बी.कॉम. आणि एमबीए फायनान्सच्या शेवटच्या वर्षाचे आपले मित्र-मैत्रिणी याच महिन्यात 'प्लेसमेंट संपलं, आता काही खरं नाही' म्हणत हातपाय गाळून बसतात.

खरं तर आपल्यातल्या अनेकांसाठी प्लेसमेंट सुरूच झालेलं नसतं. मिहानमधल्या आयआयएम नागपूरला कंपन्या स्वतः जातात. मोवाड-जलालखेड्याहून एसटीने अप-डाऊन करणारी पोरं ज्या कॉलेजात शिकतात, तिथे त्या क्वचितच फिरकतात. मोठ्या कॅम्पसवर इंटर्नशिपची निवड वर्षभर आधी होते, हे आपल्याला कळतं तेव्हा ते वर्ष निघून गेलेलं असतं. म्हणून उशीर झाला यात नवल नाही. उशीर झाल्यावर काय करायचं, एवढंच आपल्या हातात आहे.

जागा तेव्हाही निघतात. ऑफर घेतलेले काही जण ऐनवेळी जॉइन होत नाहीत. मार्च संपून बोनस हातात पडला की अनेक जण नोकरी बदलतात. सीए ऑफिसांना जुलैअखेरच्या विवरणपत्रांसाठी आणि सप्टेंबरअखेरच्या टॅक्स ऑडिटसाठी माणसं लागतात. यातल्या बऱ्याच जागांची जाहिरात निघतच नाही. टीमचा प्रमुख आधी आपल्याच माणसांना विचारतो, 'कोणी आहे का ओळखीचं?' त्या क्षणी तुमचं नाव कोणाला तरी आठवायला हवं.

इथे आपलं घोडं अडतं. ओळख म्हटलं की आपल्याला वशिला आठवतो. ज्यांचे काका बँकेत आहेत त्यांनीच हे करावं, असं वाटतं. पण वशिल्यात माणूस मुलाखत चुकवतो, ओळखीत तो मुलाखतीपर्यंत पोहोचतो. पुढे ताळेबंद वाचता येतो का, एक्सेल येतं का, हे तुम्हालाच दाखवावं लागतं. बऱ्याच कंपन्यांत तर चांगला उमेदवार सुचवणाऱ्या कर्मचाऱ्याला बक्षीस मिळतं. म्हणजे विचारणं ही भीक नव्हे.

आणि ही ओळख फार जवळची असायलाही लागत नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये मांडलं, की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती कधीमधी भेटणाऱ्या माणसांकडून कळली होती. कारण सोपं आहे. रोजच्या कट्ट्यावरच्या मित्रांना तेवढंच माहीत असतं, जेवढं आपल्याला. दोन वर्षं पुढे असलेला, आता पुण्यात एखाद्या परदेशी बँकेच्या ऑफिसात बसणारा सीनियर दादा वेगळं काही सांगू शकतो.

मी स्वतः या पानावर आले ती इंटर्नशिपची मुदत संपल्यावर, एका सीनियर ताईला मेसेज करून. तो मेसेज तीन दिवस टाइप करून ठेवला होता, पाठवायची लाज वाटत होती. ताईचं उत्तर वीस मिनिटांत आलं.

मेसेज छोटा ठेवा. 'नमस्कार दादा, मी नरखेडची, बी.कॉम. शेवटचं वर्ष. तुम्ही फंड अकाउंटिंगमध्ये आहात असं कळलं. मला त्याच कामात यायचं आहे, सुरुवात उशिरा केली हे मान्य. पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का?' बस. पहिल्याच मेसेजमध्ये बायोडेटा चिकटवून 'जॉब असेल तर सांगा' लिहू नका. फोनवर कामाबद्दल विचारा आणि शेवटी 'आणखी कोणाशी बोलू?' हे नक्की विचारा. त्याच दिवशी आभार माना. उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदा आठवण करा, मग सोडा. बरेच जण उत्तर देणार नाहीत, ते मनाला लावून घेऊ नका.

वेळही बघा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बँकवाल्यांच्या वाटेला जाऊ नका, क्लोजिंग असतं. महिन्याच्या 20 तारखेला सीए ऑफिस जीएसटीत बुडालेलं असतं. एप्रिलचा दुसरा आठवडा बरा. तोपर्यंत एनआयएसएमची एखादी सर्टिफिकेट परीक्षा द्या, म्हणजे बोलायला हातात काही असेल.

एक गोष्ट मात्र कॉलेजांनाही सांगायला हवी. माजी विद्यार्थी संघ बऱ्याच ठिकाणी नॅकची समिती यायची असली की जागा होतो. कोण कुठे काम करतं याची साधी यादी वाणिज्य विभागाच्या भिंतीवर लावायला, त्यांची परवानगी घेण्यापलीकडे खर्च काय? ज्याच्या घरात पहिल्यांदाच कोणी पदवीधर होतंय, त्याला ओळखीचे काका नसतात. त्याचे काका कॉलेजनेच व्हायचं असतं.

ती यादी लागेपर्यंत आपली आपण करू. आज रात्री वहीत पाच सीनियरची नावं लिहा. उद्या त्यातल्या एकाला मेसेज पाठवा.