हक्क आहे, पण नोंद कुठे आहे?

विलायतेचा व्हिसा महागला, ही तक्रार आता जुनी झाली. सहा महिन्यांच्या भेटीच्या व्हिसाची फी 2023 च्या ऑक्टोबरात 100 पौंडांवरून 115 झाली आणि 2025 च्या एप्रिलात 127. ज्यांची लेक किंवा भाऊ तिकडे आहे, ते कुरकुरत का होईना, ही फी भरतात. आमच्या मते खरे नुकसान या फीत नाही. कायद्याने मिळालेला हक्क वेळेवर नोंदवला नाही, तर तो हातचा जातो. आणि ब्रिटनने तर आता ही नोंदणीच महाग करून ठेवली आहे. नुकसान होते ते तिथे.

औंधच्या मुलखाला हा धडा नवा नसावा. 1947 पूर्वी सातारा शहरात जन्मलेला माणूस ब्रिटिश कायद्याने 'ब्रिटिश प्रजाजन' होता. औंध संस्थानात जन्मलेला मात्र, मग तो औंधचा तांबोळी असो, आटपाडीचा मोमीन असो की कुंडलचा शिकलगार, फक्त 'ब्रिटिश संरक्षित व्यक्ती' होता. अंतर काही कोसांचे, बाजार एकच, बोली एकच. पण कागदावरचा शब्द वेगळा. प्रजाजनाला तेव्हा इंग्लंडात उतरण्याचा हक्क होता. संरक्षिताला नुसते छत्र होते, घर नव्हते. घरी बसणाऱ्याला याचे काय? पण समुद्र ओलांडणाऱ्याचे नशीब याच शब्दावर ठरत असे.

याच औंधच्या राजघराण्यातील अप्पासाहेब पंत 1948 साली भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीस गेले. पूर्व आफ्रिकेत त्या वेळी गुजराती, पंजाबी यांच्याबरोबर आपली कोकणी मुसलमान कुटुंबेही रोजगार करून होती. 12 डिसेंबर 1963 रोजी केनिया स्वतंत्र झाला. ज्यांना आपोआप नागरिकत्व मिळाले नाही, त्यांना नोंदणीसाठी दोन वर्षांची मुदत होती. कितीतरी दुकानदार व कारागीर ब्रिटिश पासपोर्टाच्या भरवशावर थांबले. पुढे परवाने व नोकऱ्या नागरिकांनाच मिळू लागल्यावर ते निघाले इंग्लंडकडे. तेव्हा 1968 साली ब्रिटिश संसदेने अवघ्या तीन दिवसांत कायदा करून दार लावले. ज्यांचे आईबाप किंवा आजीआजोबा ब्रिटनचे नव्हते, त्यांच्या हातातील ब्रिटिश पासपोर्टाचे मोल एका आठवड्यात उतरले. वर्षाकाठी ठरावीक कुटुंबप्रमुखांनाच प्रवेशाची चिठ्ठी मिळे. बाकीच्यांनी रांगेत उभे राहायचे. अप्पासाहेब 1969 ते 1972 या काळात लंडनमध्ये भारताचे उच्चायुक्त होते. पासपोर्ट तुमचा, तर माणसेही तुमची, ही भारताची भूमिका होती. ती रास्तच होती, पण रांग काही हटली नाही.

या माणसांपैकी जे उरले, त्यांना न्याय मिळाला तो 30 एप्रिल 2003 पासून. दुसरे कोणतेही नागरिकत्व नसलेल्या अशा ब्रिटिश पासपोर्टधारकांना, संरक्षित व्यक्तींनाही, पूर्ण नागरिक म्हणून नोंदणी करता येऊ लागली. मध्ये पस्तीस वर्षे गेली. ज्यांनी त्या अवधीत कंटाळून भारताचे किंवा दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले होते, त्यांना हे दार उघडलेच नाही.

आजचे दार कसे आहे, तेही पाहा. ब्रिटनमध्ये जन्मले म्हणून मूल आपोआप ब्रिटिश होत नाही. हा नियम 1983 पासून आहे. आईबापांना पुढे कायम वास्तव्य मिळाले, तर मुलाला अठरा वर्षांच्या आत नोंदणीचा हक्क मिळतो. जन्मापासून दहा वर्षे तेथेच राहिलेल्या मुलालाही तो मिळतो. पण या नोंदणीची फी 1,012 पौंड होती आणि सरकारचा खर्च मात्र 372. प्रकरण कोर्टात गेले. खालच्या दोन्ही कोर्टांनी मुलांच्या बाजूने कौल दिला. सर्वोच्च न्यायालयाने 2 फेब्रुवारी 2022 रोजी, संसदेनेच फी ठरविण्याचा अधिकार दिला आहे, म्हणून सरकारची बाजू उचलून धरली. त्याच वर्षी जूनपासून खरोखर न परवडणाऱ्यांना माफी मागता येऊ लागली, हे खरे. पण 2023 साली फी 1,214 पौंड झाली. मुलाचा हक्क हा काही दुकानातला माल नव्हे की त्यावर सरकारने नफा काढावा.

कामाला जाणाऱ्यांचीही तीच गत. आरोग्य अधिभार 2015 साली वर्षाला 200 पौंड होता. फेब्रुवारी 2024 पासून तो 1,035 झाला, मुलांना 776. नवरा, बायको व दोन मुले तीन वर्षांसाठी निघाली, तर 10,866 पौंड आधीच मोजायचे. जुलै 2025 पासून नोकरीच्या व्हिसाला बहुतेक कामांत पदवीच्या दर्जाचे काम व 41,700 पौंड पगार, अशी अट आली. म्हणजे हातात कसब आहे, पण काम पदवीच्या दर्जाचे मानले जात नाही, असा आपला कारागीर बाहेरच. त्याच महिन्याच्या 24 तारखेला भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. आपल्या कापडावरची व चामड्याच्या मालावरची जकात काढण्याचे त्यात ठरले. म्हणजे माल बिनजकात जावा आणि तो बनवणाऱ्याने जकात भरावी! बल्लवाचार्य, योगशिक्षक व शास्त्रीय संगीतकार मिळून वर्षाला 1,800 जणांना या करारात वाट दिली आहे. विणकर, चर्मकार, सुतार यांच्यासाठी आपल्या सरकारने तशी वाट मागायला हवी होती, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तोवर आपण एवढे करावे. तिकडे मूल असेल, तर त्याची नोंदणी अठराव्या वर्षापर्यंत ढकलू नका. फी जड वाटली, तर आधी माफीचा अर्ज करा. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून मोठ्यांनी पाऊल विचारपूर्वक टाकावे. प्रदर्शनासाठी भेटीच्या व्हिसावर जाणाऱ्या व्यापाऱ्याने माल दाखवावा, ऑर्डरीची बोलणी करावीत. तेथे मांडून विकू नये, त्याला परवानगी नाही. आणि वाडवडिलांचे जुने पासपोर्ट, जन्माचे दाखले रद्दीत घालू नका. औंधच्या कागदावर लिहिलेला एक शब्द आफ्रिकेत पिढ्यांना नडला. आपल्या नातवंडांना असा एखादा शब्द नडू नये.