घरोघरचे प्रश्न : फटफटीवरून सागरतीरानें

आमच्या जुन्या घरांतून प्रवासाचें नांव निघालें कीं त्यामागें कांहीं तरी कारण जोडावें लागे. यात्रा, लग्नकार्य, बदली किंवा दुखणें, यांवांचून घर सोडणाऱ्या माणसास उडाणटप्पू म्हणत. आणि नवराबायकोनें दोघांनींच, बरोबर कोणी वडील माणूस न घेतां, केवळ समुद्र पाहावयास आठ दिवस निघून जावें ही कल्पना तर कोणाच्या स्वप्नांतही आली नसती. आतां ती कल्पना वाशी, ठाणें, पुणें येथील पुष्कळ घरांतून बोलली जात आहे, आणि ज्या घरांत ती बोलली जाते त्या घरांत दोन तट पडतात.

वाशीच्या एका भगिनीनें आम्हांस याच विषयावर पत्र लिहिलें आहे. मुलगा व धाकटी सून दोघेंही नोकरी करणारीं. हिवाळ्याच्या सुटींत फटफटीवर बसून वाशीपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानें जाण्याचा त्यांचा बेत आहे. यजमानांचें म्हणणें, जावयाचें तर कोंकण रेल्वेनें जा. दोन चाकांवर जीव कशाला टांगतां? थोरल्या सुनेचें म्हणणें निराळें आहे : धाकटीनें आठ दिवस मोकळें हिंडावें आणि स्वयंपाकघर मात्र आपणच सांभाळावें, हा कोठला न्याय? पत्र लिहिणाऱ्या बाईंस दोन्ही म्हणणीं पटतात, आणि मुलाचाही हिरमोड करवत नाहीं. प्रश्न एका घरचा नसल्यामुळें त्याचें उत्तर आम्ही येथेंच देत आहों.

प्रथम मार्गाविषयीं. वाशी हें गांव या प्रवासाचें मूळ ठिकाण व्हावें यांत नवल नाहीं. ठाण्याच्या खाडीवरचा पहिला पूल १९७३ सालीं खुला झाला आणि तेव्हांपासून मुंबईहून कोंकणांत उतरणाराची पहिली पायरी वाशी हीच झाली. २०२४ च्या जानेवारींत शिवडीहून न्हावा-शेव्याकडे जाणारा सुमारें बावीस किलोमीटरांचा अटल सेतु झाला खरा, पण त्यावर दुचाकी वाहनांस मज्जाव आहे. म्हणजे फटफटीवाल्यांस वाशीचीच वाट धरणें प्राप्त आहे. वाशीहून बेलापूर, पनवेल, पेण, वडखळ करून अलिबागेस उतरावें. तेथून पुढें मात्र गोव्याच्या हमरस्त्याचा मोह सोडून समुद्र उजव्या हातास ठेवावा. रेवदंडा, कोर्लई, काशीद, मुरूड-जंजिरा. खाडीपलीकडे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. मग केळशी, आंजर्लें, हर्णें, दापोली, गुहागर, गणपतीपुळें, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण आणि शेवटीं वेंगुर्लें, असा हा मार्ग आहे.

महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर लांबीचा म्हणून मुलें शाळेंत पाठ करतात. पण तो मुलांच्या नकाशांतल्यासारखा सरळ नाहीं. सह्याद्रींतून निघालेली प्रत्येक नदी समुद्रास मिळतांना खाडी करून बसली आहे, आणि प्रत्येक खाडीपाशीं रस्ता खुंटतो. कांहीं खाड्यांवर पूल झाले आहेत. कांहींवर अजून फेरीबोट हाच आधार आहे. आगरदांड्याहून दिघीस, बागमांडल्याहून वेसवीस, दाभोळहून धोपाव्यास आणि तवसाळहून जयगडास फटफटी बोटींत चढवून पलीकडे न्यावी लागते. दाभोळ-धोपावें फेरी २००३ सालीं सुरू झाली, तोंपर्यंत समोर दिसणाऱ्या गांवीं वाहन न्यावयाचें म्हणजे चिपळुणाकडून मोठा वळसा घ्यावा लागे. या बोटींचा एक गुण आम्हांस फार आवडतो. घाई करणारासही तेथें थांबावें लागतें. मासळीच्या टोपल्या, शाळेचीं मुलें, आजारी माणसास दवाखान्यांत नेणारी रिक्षा आणि शहरांतून आलेलें जोडपें, सर्वांस एकाच फळीवर उभें राहून पलीकडचा धक्का येण्याची वाट पाहावी लागते.

आतां यजमानांच्या भीतीविषयीं. प्रत्येक पिढीस आपलें वाहन सुरक्षित व पुढच्या पिढीचें वाहन जीवघेणें वाटतें. आपल्या पणज्या-आज्या मुंबईहून आगबोटींत बसून कोंकणांत जात, आणि तो मार्ग निर्धोक होता असें कोणी म्हणूं नये. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसें मेलीं. त्या आठवणीनें कोंकणांतील कितीएक घरें पुढें अनेक वर्षें हळहळत होतीं. त्याहीपूर्वीं पायवाट होती. दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे सरकारी परीक्षेसाठीं सोबत्यांसह सुमारें ११० मैल चालत साताऱ्यास गेले, आणि वय लहान दिसतें म्हणून त्यांस परीक्षेस बसूं दिलें नाहीं. त्या मुलाच्या आईवडिलांच्या मनांत त्या चार दिवसांत काय आलें असेल याचा विचार करावा. तरी त्यांनीं पाठविलें. भय असणें आणि भयास घराचा कारभार सोंपविणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

परंतु भय खोटें आहे असेंही आम्ही म्हणत नाहीं. २०२२ सालीं आपल्या देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें दगावलीं, आणि त्यांतील शेंकडा ४४ हून अधिक दुचाकीवरचीं होतीं. म्हणून यजमानांस आमचें सांगणें, कीं ‘जाऊं नका’ म्हणण्याऐवजीं ‘कसे जाणार तें दाखवा’ असें म्हणावें. परवानगी नाकारल्यानें मुलें गप्प बसतात, पण शिकत नाहींत. अटी घातल्यानें शिकतात.

पहिली अट शिरस्त्राणाची. आमच्या शहरांतून रोज दिसणारें दृश्य असें असतें, कीं नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट आणि मागें बसलेल्या पत्नीचें डोकें उघडें. दंड चुकवावयाचा तो पुढच्याचा, आणि डोकें फुटावयाचें तें मात्र दोघांचें! कायदा असा भेद करीत नाहीं. मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमान्वयें चालविणारा व मागें बसणारा या दोघांसही तें सक्तीचें आहे. देशोदेशींचे अभ्यास एकत्र करून पाहतां हेल्मेटामुळें मृत्यूचा संभव शेंकडा ४२ नें व डोक्यास इजा होण्याचा संभव शेंकडा ६९ नें कमी होतो असें आढळलें आहे. हें जाणूनही ज्या घरांत सुनेसाठीं हेल्मेट घेतलें जात नाहीं, त्या घरांत तिच्या जिवाची किंमत काय धरली आहे हें निराळें सांगावयास नको. तें आयएसआय शिक्क्याचें असावें, आणि हनुवटीखालचा पट्टा आंवळलेला असावा. पट्टा मोकळा असलेलें हेल्मेट पडण्याच्या क्षणीं डोक्याआधीं रस्त्यावर पोंचतें.

दुसरी अट बैठकीची व पोशाखाची. लांबच्या प्रवासांत एका बाजूस पाय सोडून बसणें टाळावें. दोन्हीकडे पाय टाकून बसल्यानें तोल राहतो व चालविणारासही वळण सोपें जातें. मागच्या चाकाची निदान अर्धी बाजू झांकणारें आवरण, धरावयास मूठ व पाय ठेवावयास पायरी हीं प्रत्येक फटफटीस असलींच पाहिजेत असा नियम आहे. शोभेसाठीं तें आवरण काढून टाकणारे तरुण आपल्याच माणसाच्या पदराशीं खेळतात. ओढणी किंवा पदर चाकांत जाऊन झालेले अपघात कोणास ठाऊक नाहींत? म्हणून अंगाबरोबर बसणारा पोशाख व पायांत बंद जोडे असावेत. याविषयीं सासूबाईंनीं मौन न धरतां स्वतःच तसें सुचवावें. त्यांच्या तोंडून निघालेल्या शब्दानें सुनेचा संकोच जातो.

तिसरी अट विम्याच्या कागदाची. हा भाग आम्ही मुद्दाम विस्तारानें लिहीत आहों, कारण सुशिक्षित घरांतही तो कोणी वाचीत नाहीं. फटफटीचा विमा दोन प्रकारचा असतो. एक केवळ कायद्यापुरता, म्हणजे रस्त्यावरील परक्या माणसास इजा झाली तर ती भरून देणारा. दुसरा सर्वंकष. स्वस्त पडतो म्हणून पुष्कळ लोक पहिलाच घेतात. परंतु अशा पॉलिसींत मागें विनामूल्य बसलेल्या व्यक्तीचें उत्तरदायित्व विमा कंपनीवर येत नाहीं, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं दिला आहे. म्हणजे वाटेवरचा अनोळखी मनुष्य संरक्षित, आणि घरची लक्ष्मी उघड्यावर! सर्वंकष पॉलिसींत मागें बसणाराचाही समावेश होतो. निघण्यापूर्वीं मुलानें तो कागद वडिलांपुढें ठेवावा आणि वडिलांनीं चष्मा लावून तो वाचावा. नुसत्या उपदेशापेक्षां हें काम त्यांस अधिक शोभेल.

चौथी गोष्ट अट नव्हे, आमची आग्रहाची सूचना आहे. सुनेनें स्वतः फटफटी चालविण्यास शिकावें व परवाना काढावा. गुहागरच्या अलीकडे नवऱ्यास ताप भरला, अथवा त्याचा हात मुरगळला, तर आडगांवीं काय करावयाचें? जिला चालवितां येतें ती त्या वेळीं सोबतीण ठरते; नाहीं तर सामानाबरोबरचें आणखी एक ओझें होऊन बसते. वाशींतील रविवारच्या पहाटेचे मोकळे रस्ते शिकण्यास उत्तम आहेत. आणि एकदां हातांत मूठ आली कीं ‘थांबा’, ‘हळू’, ‘आज येथेंच राहूं’ हे मागून आलेले शब्द पुढच्याच्या कानांत निराळ्या वजनानें शिरतात. दोघांनीं एक नियम करावा : मागचें माणूस थांब म्हणालें कीं कारण न विचारतां थांबावयाचें. हा नियम आठ दिवस पाळला गेला तर घरीं परतल्यावरही त्याचा उपयोग झाल्यावांचून राहणार नाहीं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यांत सांगतों. दिवसास शंभर-सवाशें किलोमीटरांहून अधिक जाऊं नये. किनाऱ्याचे रस्ते अरुंद व वळणांचे आहेत. दिवे लागण्यापूर्वीं मुक्काम गांठावा. दोघें व सामान असतां मागच्या चाकांत हवा किती हवी तें गाडीबरोबरच्या पुस्तकांत दिलेलें असतें, तें पाहावें. खारी हवा साखळीस गंज चढविते, म्हणून ती रोज पुसून तेल द्यावें. आणि फटफटी पुळणीवर कधींही घालूं नये. भरती कोणाची वाट पाहात नाहीं हें एक. आणि दुसरें असें, कीं बाणकोटजवळच्या वेळासच्या किनाऱ्यावर हिवाळ्यांत समुद्रकांसवें येऊन वाळूंत अंडीं घालतात. नाना फडणिसांच्या या गांवीं चिपळूणची सह्याद्रि निसर्ग मित्र ही संस्था व गांवकरी २००२ पासून त्या घरट्यांची राखण करीत आले आहेत. त्यांची वर्षांची मेहनत आपल्या घटकाभराच्या मौजेखालीं चिरडूं नये.

राहण्यास मोठीं हॉटेलें न शोधतां गांवांतल्या घरीं उतरावें. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानें श्रीवर्धन, दिवेआगर, दापोली या भागांतील नारळी-पोफळींच्या वाड्या एका दिवसांत आडव्या केल्या. नवी पोफळ लावून ती धरेपर्यंत पांच-सहा वर्षें जातात. तोंवर पाहुण्यांस जेवूं घालून कितीएक घरांनीं चूल पेटती ठेविली. अशा घरीं दिलेला पैसा योग्य हातीं पडतो, आणि आमसुलाच्या सारासह मिळणारें गरम जेवण अधिक गोड लागतें हें वेगळेंच.

शेवटीं थोरल्या सुनेचा प्रश्न. आमच्या मतें सर्व प्रश्नांत हाच खरा अवघड आहे, कारण फटफटीच्या भयास उपाय आहेत, पण मनांतल्या अढीस विम्याची पॉलिसी नाहीं. एकत्र कुटुंबांत एकाची सुटी ही दुसऱ्याच्या कष्टांवर उभी असते, आणि ती गोष्ट कोणी बोलून दाखवीत नाहीं म्हणून ती सलते. थोरलीचें म्हणणें मत्सराचें नाहीं, हिशेबाचें आहे. तेव्हां हिशेब उघड मांडावा. धाकटी जोडी जाण्यापूर्वीं थोरल्या जोडीच्या आठ दिवसांचा महिना ठरवून भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत लिहून ठेवावा. ती दोघें फटफटीनें जावोत, रेल्वेनें जावोत, कीं माहेरीं जाऊन नुसतीं झोंपा काढोत. त्या आठ दिवसांत धाकटीनें स्वयंपाकघर तक्रार न करतां सांभाळावें. आणि दोन्ही खेपांस घरांतल्या पुरुषांनीं सकाळचा चहा व भाजी चिरणें आपल्याकडे घ्यावें. त्यानें कोणाचें ब्राह्मण्य उणें झाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

वडिलांनीं दिवसांतून दहा वेळां फोन करूं नये. संध्याकाळीं मुक्कामीं पोंचल्यावर मुलांनीं एकदां नेमानें करावा, आणि तो चुकवूं नये. एवढें झालें तर आमचें मत स्पष्ट आहे : मुलांस जाऊं द्यावें. नोकरी, घर आणि आगगाडीची गर्दी यांत नवराबायकोचें बोलणें भाजी, बिल व औषध यांपलीकडे क्वचित् जातें. दाभोळच्या धक्क्यावर बोटीची वाट पाहात अर्धा तास बसलें असतां दुसरें बोलण्यासारखें कांहीं उरतच नाहीं, तेव्हां माणसें एकमेकांविषयीं बोलूं लागतात. तो अर्धा तास मुलांस मिळावा, इतकीच त्यांची मागणी आहे. ती फार मोठी नाहीं.